पुसलं म्हणजे पुसलं

“पुसलेलं वाचलं तर ती चोरी होते का, भंते?”

आल्या आल्या त्यानं हेच विचारलं. ‘वंदामि’ म्हटलं होतं, पण तेही दारातच, बूट काढता काढता.

भंते रेवत जेवायला बसणार होते. बाराच्या आत त्यांचं जेवण व्हावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. तरी त्यांनी भिक्षापात्र झाकून बाजूला ठेवलं.

“कोणाचं पुसलेलं?”

“ताईचं.”

…

ताई म्हणजे विशाखाताई गजभिये, आमच्या अंगणवाडीची बाई. तिला जाऊन अकरा महिने होत आले होते. हा तिचा धाकटा भाऊ राष्ट्रपाल. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, स्वतःचं लग्न राहून गेलं. त्रिशरण, पंचशील तो याच विहारात शिकला. भंतेंचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि हे सर्वात आधी त्याच्या स्वतःच्या ध्यानात आलं होतं.

आता तो बंगळुरूला असतो. सगळं जग ज्या ॲपवर एकमेकांना निरोप पाठवतं, ते कसं दिसावं, कुठलं बटण कुठं असावं, हे तो ठरवतो.

मी निवृत्त पोस्टमन. वैनगंगेच्या काठच्या या विहाराची झाडलोट करतो. त्या दिवशी फरशीवर सांडलेलं मेण खरवडत बसलो होतो, म्हणून सगळं ऐकलं. काम नसतं तर काढलं असतं.

“परवा माह्या फोनात सगळं इकडचं तिकडं झालं,” भंते म्हणाले. “तूच केलं काय?”

“नवी रचना आहे, भंते. आधीपेक्षा सोपी.”

“कोणाले?”

राष्ट्रपालनं फोन काढला, काहीतरी उघडलं आणि भंतेंच्या पुढं धरला. भंतेंनी चष्मा लावला आणि गाथा वाचावी तसं सावकाश, मोठ्यानं वाचलं.

“हा… संदेश… काढून टाकला आहे.”

“ताईनं पाठवलेला. जाण्याच्या अकरा दिवस आधी. मी मीटिंगमध्ये होतो. बघेपर्यंत तिनं पुसला होता.”

“ही ओळ कोणाची?”

“माझी.” एवढ्या दुःखातही त्याची मान थोडी वर झालीच. “दीड वर्ष भांडलो मी या ओळीसाठी. बाकीचे म्हणायचे, पुसलं की मागमूस राहू नये. मी म्हटलं, नाही. काहीतरी आलं होतं, एवढं तरी समोरच्याला कळायला पाहिजे. नाहीतर ती फसवणूक होते.”

“तिले नव्हतं ठाऊक.”

“काय?”

“तुह्या ओळीचं. ती इथंच बसली होती त्या दिवशी. लिहिलं, पाठवलं, मग घाबरली अन् पुसून टाकलं. मले विचारे, भंते, त्याले समजन काय? मी म्हटलं, काऊन समजन? पुसलं म्हणजे पुसलं.”

…

“तुह्यापायी माहं चौथं शील मोडलं, बाबू.”

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मला हसू आलं. त्या दोघांना नाही आलं.

“तुम्ही वाचलं होतं का, भंते?”

“चष्मा नव्हता डोळ्यावर.”

“ती काही बोलली? रागात होती? रडत होती?”

“तोंड फिरवून बसली होती.”

बहीणभावात काय झालं होतं ते गावाला ठाऊक आहे. वडील गेले तेव्हा याच्या कंपनीचं काहीतरी नवीन बाहेर पडायचं होतं. हा तिसऱ्या दिवशी पोचला. ताई दारातच म्हणाली, आता कशाला आला? आणि हा तिला सगळ्यांदेखत म्हणाला, तुला काय समजते माझं काम! पुढची चार वर्षं दोघं बहीणभाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दोघंही एकाच मातीचे.

“ते अजून आहे, भंते,” तो हळूच म्हणाला.

“काय आहे?”

“ताईनं पुसलेलं. लोक पुसायचे आणि कंपनी त्याची एकेक प्रत ठेवून घ्यायची. मलाही ठाऊक नव्हतं. यंदा ते बाहेर फुटलं, फार ओरड झाली. मी कंपनीत असून कंपनीविरुद्ध लिहिलं. लिहिलं की माणसानं पुसलं म्हणजे ते पुसलंच गेलं पाहिजे, ते ठेवून घ्यायचा कोणाला हक्क नाही. हजारो लोकांनी उचलून धरलं. शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली. आज दुपारी बारा वाजता सगळ्या प्रती कायमच्या नष्ट होणार आहेत.”

“हे तू घडवलं?”

“मी.”

“चांगलं केलं.”

“त्यात ताईची पण आहे!”

हे तो इतक्या जोरात बोलला की बाहेरची कबुतरं उडाली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तिथल्या एका मित्रानं मला वाट उघडून दिलीय. इथं नुसतं बोट ठेवलं की दिसेल. फक्त बारापर्यंत.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेअकरा.

“मग ठेव बोट,” भंते म्हणाले.

“ठेवू?”

“बोट तुहं, फोन तुहा. मले काऊन विचारतो?”

“कारण कोणी कोणाचा निरोप उघडायचा नाही, हा नियम मीच लिहिलाय.”

“मग नको ठेवू.”

“भंते, हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मी रात्रभर प्रवास करून आलोय.”

भंतेंनी पात्रावरचं झाकण नीट केलं.

पस्तीस वर्षं मी लोकांची पत्रं वाटली. एकाचंही पाकीट उघडलं नाही, उजेडात धरूनसुद्धा पाहिलं नाही. पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात आलं, ठेव रे बाबा बोट एकदाचं! पोराचा चेहरा बघवत नव्हता.

“तिला पुसायचं होतं, म्हणून तिनं पुसलं,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागला. “माझ्याच लेखात मी हे लिहिलंय. आणि तरी रोज तीच एक ओळ उघडून बसतो. कधी वाटतं, शिव्या असतील. असू दे. कधी वाटतं, नुसतं ‘ये’ असं लिहिलं असेल, आणि मी गेलो नाही…”

…

“ती ओळ नसती तर?” भंतेंनी विचारलं.

“तर मला वाटलं असतं, तिनं कधी लिहिलंच नाही.”

“ते बरं होतं?”

“नाही.” त्यानं मान हलवली. “तेही बरं नव्हतं. मले तिचं कायतरी पाहिजे, भंते. कायपण.”

इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या तोंडून गावची बोली आली. त्याला ते कळलंही नसावं.

भंतेंनी चष्मा काढला, चिवराच्या टोकानं पुसला आणि पुन्हा न लावता तसाच हातात ठेवला.

“अन् तू? तू काऊन नाही लिहिलं तिले?”

“लिहिलं.”

“कधी?”

“रोज.” त्यानं मान खाली घातली. “संध्याकाळी ऑफिसातून निघालो की गाडीत बसून लिहायचो. ‘ताई’ लिहायचं. पुढं दोन ओळी, कधी चार. चुकलं माझं, असंपण लिहायचो. मग वाटायचं, तिनंच आधी लिहावं. मोठी आहे ती. मग सगळं पुसायचो.”

“पाठवून?”

“न पाठवता.”

“त्याच्या प्रती असतीन ना तुह्या कंपनीत?”

“नाहीत. न पाठवलेलं कुठंच राहत नाही. ते मीच तसं करवून घेतलं.”

“किती दिवस चाललं हे?”

“ती जाईपर्यंत. आधीच्या दिवशीसुद्धा लिहिलं होतं.”

…

भंते उठले. गुडघे धरतात त्यांचे, मला हात द्यावा लागला. ते चालत दाराजवळच्या खांबापाशी गेले आणि फरशीवर खाली बसले. आम्हाला वाटलं, वारा घ्यायला बसले असतील.

“सातची वंदना झाली की बाया घरी जात,” ते म्हणाले. “ती इथं बसे.”

त्यांनी दोन्ही तळवे जोडून समोर धरले. ओंजळीत पाणी घ्यावं तसे. आणि त्या रिकाम्या ओंजळीत वाकून बघत राहिले.

“अशी. फोनात तुहं नाव उघडून. मी म्हणो, विशाखा, अंधार पडला, जाय आता. तर म्हणे, थांबा भंते. तो लिहून राहिला.”

राष्ट्रपालनं वर पाहिलं.

मला उशिरा उमगलं. इकडं कोणी लिहायला लागलं की तिकडच्या फोनात ‘लिहीत आहे’ असं दिसतं, तीन ठिपके हलतात. माझी नातपण ते बघत बसते, मैत्रिणीशी भांडण झालं की. लिहिणाऱ्यानं हात थांबवला की ते जातं.

“तिला… ते दिसत होतं?”

“हाव.”

“रोज?”

“पावसापाण्यातही येई. कधी लवकर होई, कधी आठ वाजत. तुह्याकडं उशीर झाला का ही इथं आत-बाहेर, आत-बाहेर करे. मग ते ‘लिहीत आहे’ दिसे. मग जाय. ते गेलं की फोन कमरेला खोचून घरी जाई.”

“आणि काही म्हणायची नाही?”

“आज बरंच लिहिलं त्यानं, असं म्हणे एखाद्या दिवशी.”

राष्ट्रपालच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येणार नाही.

घड्याळात बाराला तीन कमी होते. सांगावं की सांगू नये, ते मला समजेना. फोन त्याच्या हातात होता, बोटही काचेच्या जवळच होतं. भंते ओंजळ मोडून हात पुसत होते, जणू खरंच ओले झाले होते. मी सांगितलं नाही.

त्यानं फोन सतरंजीवर पालथा ठेवला.

बारा वाजले, वाजून गेले. भंतेंचं पात्र झाकलेलंच राहिलं. त्या दिवशी विहारात कोणीच जेवलं नाही.

खूप वेळानं राष्ट्रपाल बोलला. लहान मुलानं हट्ट धरावा तसा.

“पण भंते… मी तर तिले काहीच पाठवलं नाही.”

“हाव,” भंते म्हणाले. “तेच ती रोज वाचे.”