शिबिराचा गुण

महाबळेश्वरला चार दिवस ‘उत्तम टीम कशी बांधावी’ हे शिबिर करून नाडगौडासाहेब बेकरीत परतले आणि सुपरवायझर शलाकाला म्हणाले, “ज्याच्यावाचून काही अडत नाही, तो टीमवरचा बोजा. संध्याकाळपर्यंत नाव दे, नाहीतर तूच घरी बस.”

शलाकाने हजेरीपट उघडला. “साहेब, रुक्सानाआपा नव्हत्या तेव्हा पीठ मळायचं राहिलं. दौलतकाका आजारी पडले तर खारी करपली. एकाच माणसावाचून काही अडलं नाही. उलट माल वेळेआधी गाडीत चढला.”

साहेब खूश झाले. “मी म्हणत नव्हतो? कोण तो?”

“नाव तुम्हीच लिहा, साहेब. चारही दिवस ते महाबळेश्वरला होते.”

संध्याकाळी साहेबांनी जाहीर केलं की टीम उत्तमच आहे, शिबिराचा गुण आला.