तांबड्या कण्हेरीचा हार

जातककथा मला सगळ्या तोंडपाठ आहेत. म्हणजे दोन, आणि त्यातल्या दुसरीचा शेवट निसटतो. तेव्हा पहिलीच ऐका.

पूर्वी वेणुपुरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा मंत्री होऊन जन्माला आला होता. शेजारच्या राज्याशी करार होता, की इकडचा गुन्हेगार तिकडे पळाला तर त्यांनी धरून द्यावा आणि तिकडचा इकडे आला तर आपण. करार चांगलाच. चोराला कशाला हवीत दोन गावं?

एके दिवशी तिकडून चुल्लक नावाचा नकल्या पळून आला. त्याला मागायला पाठोपाठ दूत आला, आणि राजाला भेट म्हणून एक दांडगा दंताळ हत्ती. दरबारात चुल्लक उभा होता. उभा कसला, घटकेत या पायावर, घटकेत त्या! राजाची नजर हत्तीवरून हलत नाही, हे त्याने केव्हाच हेरलं होतं.

“गुन्हा काय याचा?” मंत्र्याने विचारलं.

“राजद्रोह. महाराजांच्या शिंकेची नक्कल केली. भर बाजारात!”

“आमच्याकडे हा गुन्हा नाही. आमच्या महाराजांची नक्कल तर राणीसाहेबही करतात.”

राजा खाकरला.

“मग घोडा चोरला म्हणा,” दूत म्हणाला. “तो तर इथेही गुन्हा आहे ना?”

“कुणाचा घोडा?”

“ते तिकडे गेल्यावर ठरेल. न्याय आमचा चोख. आधी निवाडा, मग शिक्षा.”

“देऊन टाका हो, मंत्री,” राजा म्हणाला. “एका नकल्यापायी केवढा घोळ!”

चुल्लकाने दाराकडे पाहिलं. पळावंसं वाटे, पण पळूनच तर इथे आला होता.

मंत्र्याचं लक्ष दूताच्या पायाशी ठेवलेल्या करंडीकडे गेलं. झाकणातून तांबडी पाकळी डोकावत होती. त्याने करंडी उघडायला लावली. आत कण्हेरीचा हार निघाला. सुळी देण्याआधी माणसाच्या गळ्यात घालतात ना, तोच. पाणी शिंपडून ताजा ठेवलेला.

“निवाडा व्हायचाय ना अजून? मग हा कुणाला?”

“आयत्या वेळी फुलं मिळत नाहीत,” दूत पुटपुटला.

“बरं. निवाडा होईपर्यंत तुम्ही घाला, आणि याला न्या.”

दूत दोन पावलं मागे सरला. “भलतंच काय!”

“महाराज,” मंत्री म्हणाला, “करार गुन्हेगार देण्याचा आहे, मिळेल तो माणूस देण्याचा नाही. आज हत्ती घेऊन हा दिला, तर उद्या आपल्या प्रजेतला कुणी तिकडे अडकल्यावर कोणत्या तोंडाने न्याय मागायचा?”

राजाने हत्तीकडे डोळे भरून पाहिलं आणि तो परत धाडला. चुल्लक वेणुपुरातच राहिला. पुढे करारात भर पडली: गुन्हा आधी सांगायचा, तो दोन्हीकडे गुन्हा असला पाहिजे, आणि सांगितला त्याचाच निवाडा करायचा.

एवढी कथा भिक्खूंना सांगून भगवान बुद्ध म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे आपले ज्येष्ठ भिक्खू उत्पल थेर. दूत तो कोपऱ्यात पेंगणारा भिक्खू. मंत्री मीच. आणि चुल्लक म्हणजे हा सुमंगल, ध्यानाला बसला की अजून चुळबुळतो. करुणेला नीट विचारपूस करणाऱ्या प्रज्ञेची सोबत हवी, हा या कथेचा बोध. आणि सुमंगल, तेव्हाही त्या दरबारात माझं चित्त निश्चल होतं. तुझंच तेवढं हलत होतं.”

सुमंगल म्हणाला, “भन्ते, मान तुमची नव्हती.”