तात्यांच्या गॅरेजचे हीटर

"मग हीटर लावू तरी कुठे, महाराज?"

धैर्यशीलने पुन्हा विचारलं. दयागिरी महाराज चिमट्याने शेगडीतले निखारे सारखे करत होते. निफाडकडची पौषातली सकाळ. मठाच्या ओसरीवर दात वाजत होते, आणि ते बहुतेक धैर्यशीलचेच होते.

त्याच्यामागे त्याची बायको शर्वरी पदर आवळून बसली होती. लग्न नुकतंच झालेलं. मठात नव्या सुनेने बोलायचं असतं की नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती गप्प होती.

लग्न झालं तेव्हा सासऱ्यांची, तात्यांची, खोली तिला मिळाली आणि तात्यांची खाट गॅरेजमध्ये गेली. वरचा मजला होईपर्यंतच, असं ठरलं होतं. मग एका सकाळी तात्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. "मठात जाऊन येतो," म्हणाले.

गेले. आले नाहीत.

आता गाव विचारायला लागलं होतं. गॅरेज गरम करून वडिलांना घरी न्यायचं, असा धैर्यशीलचा बेत होता.

"केवढं आहे रे गॅरेज?"

"ऐसपैस आहे. ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, पिकअप, सगळं मावतं. पण वर पत्रा. पंख्याचा हीटर लावला तर गरम हवा सरळ वर पत्र्याला जाऊन बसते, आणि खाली बागेसाठी ठेवलेली गंधकाची भुकटी उडते ती वेगळीच. म्हणून भिंतीवरचे घेतोय, लाल दांड्यांचे. ते हवेच्या नादी लागत नाहीत. समोर जे असेल त्याला शेकतात."

"बराच अभ्यास केलायस."

धैर्यशील खूश झाला. ही स्तुती नव्हे, हे शर्वरीला कळलं. नवऱ्याला अशा गोष्टी उशिरा कळतात, हेही एव्हाना कळलं होतं.

"काढून दाखव." महाराजांनी विझलेला कोळसा पुढे सरकवला.

धैर्यशीलने फरशीवर मोठा चौकोन काढला. कोपऱ्याकोपऱ्यात एकेक फुली मारली.

"पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या करतो ना आपण, तसंच. बांधाबांधाला ऊब. एक वेल सुटता कामा नये."

महाराजांनी चिमट्याचं टोक चौकोनावर टेकवलं.

"तात्या कुठं आहेत?"

"आँ?"

"ह्यात."

खाट काढायचीच राहिली होती. धैर्यशीलने कोळसा इकडेतिकडे फिरवला आणि शेवटी पिकअप आणि क्रेटच्या थप्पीमधल्या बोळात एक आडवी रेघ ओढली. एकाही फुलीचं तोंड त्या रेघेकडे नव्हतं.

"हीटर वळवता येतात," तो म्हणाला.

"येतात की..."

शर्वरीने हात पुढे केला आणि नवऱ्याच्या बोटांतून कोळसा काढून घेतला. चौकोनाच्या एका बाजूला तिने घराची भिंत काढली. भिंतीत एक फट ठेवली.

"हे दार. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडतं."

"शर्वरी..."

"त्याला कडी आहे."

"कुठल्या बाजूनं, पोरी?"

"आमच्या."

"डिझेलचा वास यायचा हो हिला," धैर्यशील घाईघाईने म्हणाला. "नवीन माणूस. हिच्यासाठीच लावत होतो मी."

तेही खरंच होतं. रात्री आधी कडी वाजायची, मग पलीकडचा खोकला. सकाळी ती कडी काढून चहा न्यायची. तात्या विचारायचे, "झोप लागली का गं?" ती हो म्हणायची. तोच प्रश्न उलट त्यांना विचारावा, असं रोज जिभेवर यायचं. रोज ती कप ठेवून परत यायची.

अंगणात खोकला आला. तिने मान वर न करताच ओळखला.

तात्या पायरीशी आले. हातात खराटा.

"आलात होय? बागेला पहाटे पाणी सोडलंस का रे? ह्या थंडीत मणी तडकतात."

"सोडलं, तात्या."

"मग झालं."

"तात्या, गॅरेजमध्ये हीटर बसवतोय. आणि ते दार... कडीच काढून टाकतो. चला ना घरी."

तात्या हसले. त्या हसण्यात राग नव्हता. असता तर शर्वरीला बरं वाटलं असतं.

"बसव की. अवजारं तरी गंजायची नाहीत." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका गं."

"तात्या, तुम्हाला झोप..." शर्वरी म्हणाली.

पण ते वळले होते. खराटा पुन्हा वाजायला लागला होता. अंगणातल्या पिंपळाखाली, संथ, जागा ओळखीची झालेल्या माणसाचा.

धैर्यशीलने फरशीवरच्या एका फुलीवर बोट ठेवलं.

"महाराज," तो म्हणाला. "मग हीटर कुठे लावू?"

महाराजांनी निखाऱ्यांवर राख ओढली.

"तिथं आता कोण झोपतं?"

"...कुणी नाही."

"मग कुठंही लाव."