कडू कंदाची भाकरी

एका राज्यात, जिथल्या नदीचा पैलतीर फक्त गरुडांनाच ठाऊक, अशी रीत होती: शिकार पुरुषांची, कडू कंदाची भाकरी बायकांची.

एके दिवशी भर मेजवानीत काइरो शिकारी छाती फुगवून बोलला, "रानडुक्कर मारणं हे काम. कंद किसणं पोरखेळ!" राजा खो खो हसला. तोच भुईतून कंदांची चेटकीण उगवली. तिने टाळी वाजवली आणि राज्यातली एकूण एक बाई लाल पोपट होऊन उडाली. काइरोची बायको युरिमासुद्धा!

"कंद खण. भाकरी कर. सूर्य बुडायच्या आत सर्वांदेखत खा," चेटकीण म्हणाली. "चुकलास तर त्या जन्मभर पक्षी."

"मदतीला कोण?"

"तुझी बायको. तिला एकच शब्द बोलता येईल."

पोपट झालेली युरिमा काइरोच्या खांद्यावर येऊन बसली आणि तो धावतच बागेत गेला. युरिमावर त्याचा जीव होता, पण तिच्या बागेत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं! त्याने एक झुडूप धरलं.

"नाही!" खांद्यावरचा पोपट ओरडला. दुसरं धरलं. "नाही!" सातव्याला पोपट गप्प बसला. काइरोने हातभर कंद उपटला.

त्याने कंद किसला आणि कीस तव्यावर टाकणार, तोच "नाही! नाही!" किसातून पांढरा रस ओघळत होता. एका सरड्याने तो चाटला आणि जागीच पाय वर केले. काइरोच्या अंगावर काटा आला. हे विष युरिमा रोज काढत होती!

वेताच्या लांब पिशवीत कीस भरून त्याने पिळला. "नाही!" पुन्हा पिळला. "नाही!" हाताला फोड आले, फुटले. शेवटी थेंब गळेना. त्याने भाकरी भाजली.

सूर्य नदीला टेकला तेव्हा तो भाकरी घेऊन सर्वांसमोर उभा राहिला. राजा म्हणाला, "खाऊ नकोस, काइरो! बायको दुसरी मिळेल."

"महाराज, हीच हवी."

त्याने पोपटाकडे पाहिलं. पोपट गप्प! कंठ फुटत नव्हता की खरंच सगळं ठीक होतं? काइरोने घास घेतला.

तो जगला! आभाळातून बायकाच बायका उतरल्या, आणि युरिमा त्याच्या गळ्यात पडून हसत-रडत म्हणाली, "करपलीय रे!"

राज्याची घडी पुन्हा बसली. फक्त एक रीत वाढली: नवरदेवाने आधी स्वतःच्या हातची भाकरी सर्वांदेखत खायची. संध्याकाळपर्यंत जगला, तर लग्न.