चाळिसावी शेळी

खाडीकाठच्या एका गावात शहाबुद्दीन परकार नावाचा माणूस राहायचा. त्याच्याकडे मोजून चाळीस शेळ्या. दिवसभर डोंगरावरचा फुकटचा पाला खायच्या आणि संध्याकाळी तट्ट पोटाने घरी यायच्या. माणूस तसा वाईट नव्हता. पाच वेळा नमाज पढायचा, एक रोजा चुकवायचा नाही. फक्त हातातून काही सुटायचं म्हटलं की त्याची मूठ घट्ट मिटायची.

आता इस्लाममध्ये जकात फर्ज आहे. फर्ज म्हणजे मनात आलं तर द्या, नाहीतर राहू द्या, असलं काम नाही. द्यायचीच. रानात चरणाऱ्या चाळीस शेळ्या ज्याच्या मालकीच्या पूर्ण एक वर्ष राहिल्या, त्याने त्यातली एक गरिबाला द्यायची. चाळिसात एक, बास! पण शहाबुद्दीनला ती एक काही सोडवेना.

मग त्याने डोकं लढवलं. रमजानच्या तोंडावर वर्ष भरायला आलं की तो मशिदीत चार माणसांसमोर सगळ्या शेळ्या बायकोला बक्षीस देऊन टाकायचा. ईद झाली की बायकोने त्या परत त्याला बक्षीस द्यायच्या. वर्ष ना याचं पुरं झालं, ना तिचं. मग जकात द्यायची कुणी? सहा वर्षं हा खेळ चालला. शेळ्यांना बिचाऱ्यांना मालक बदलल्याचा पत्ताही नसायचा.

त्याची बायको रुकय्या म्हणायची, "अहो, गावाला फसवाल. अल्लाला काय सांगणार?"

"हिशेब चोख आहे, तेच सांगणार," असं म्हणून शहाबुद्दीन कूस बदलायचा.

सातव्या वर्षी गावात नवे मौलवी आले. सरळ माणूस. शहाबुद्दीनने मशिदीत उभं राहून जाहीर केलं, "आजपासून माझ्या नावावर एकही शेळी नाही!" मौलवींनी ते खरं मानलं. रमजानमध्ये गरजूंची यादी करताना त्यांनी पहिलं नाव घातलं ते शहाबुद्दीनचं. जुनी माणसं दाढीत हसली आणि गप्प बसली. मौलवी थेट त्याच्या दारात आले.

"शहाबुद्दीनभाई, स्वतःचं म्हणावं असं काही उरलंय का तुमच्याकडे?"

शहाबुद्दीन कात्रीत सापडला. उरलंय म्हणावं, तर शेळी जाते. "काही नाही, मौलवीसाहेब."

मागे अंगणात चाळीस शेळ्या एका सुरात ओरडल्या.

"त्या?"

"त्या बायकोच्या."

"मग लाजू नका. जकात घेणं हा गरिबाचा हक्क आहे," मौलवी म्हणाले आणि साखरेची पुडी, एक लुंगी नि खजूर ठेवून गेले. शहाबुद्दीनला आधी जरा कसंतरी झालं. मग संध्याकाळी रोजा सोडताना त्याने खजूर खाऊन बघितला. गोड होता. देणंही वाचलं आणि वर मिळालंही, या आनंदात त्याने लुंगी नेसून बघितली.

ईदच्या सकाळी कडी वाजली. दारात जैतूनखाला उभी होती. गावाच्या पार टोकाला एका खोपटात एकटी राहणारी म्हातारी, सगळ्या गावाची खाला, म्हणजे मावशी. लोकांची जाळी विणून पोट भरायची. तिच्या हातात मापभर तांदूळ होते.

ईदच्या नमाजाआधी फितरा द्यायचा असतो. ज्याच्या घरी त्या दिवसापुरतं खाऊन थोडं उरतं, त्या प्रत्येकाने मापभर धान्य गरिबाला द्यायचं. खालाच्या घरी त्या दिवशी उरलं होतं ते एवढंच.

"घे बाबा," ती म्हणाली. "यादीत तुझं नाव ऐकलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एवढ्या शेळ्या होत्या तुझ्याकडे, सगळ्या गेल्या? माझं काय, माझं भागतंय." मग तिने दोन्ही हात वर केले. "या अल्ला, माझ्या शहाबूला निदान एक तरी शेळी दे!"

शहाबुद्दीनला तांदूळ हातात धरवेनात. लाजेने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो धावत मागच्या अंगणात गेला.

"रुकय्या, मला एक शेळी दे."

"एक?" रुकय्या म्हणाली. "सात वर्षं झाली. सात होतात."

"सात! अगं, तीन..."

"शेळ्या कुणाच्या?"

"तुझ्या."

"मग सात. आणि त्या लंगडीला हात लावू नका, जकातीत तसली चालत नाही."

नमाजाला निघालेल्या गावाने बघितलं, नवी लुंगी नेसलेला शहाबुद्दीन सात धडधाकट शेळ्या ओढत चाललाय. सहा शेळ्या सहा गरिबांच्या दारात बांधून तो खालाच्या खोपटाशी आला. तांदूळ परत केले. शेळीची दोरी तिच्या हातात दिली.

खाला हरखली. "बघ, दुवा लगेच कबूल झाली! पण अरे वेड्या, अल्लाने तुला दिलेली शेळी मला का देतोस?"

शहाबुद्दीन मान वर करेना. रडू आवरत म्हणाला, "माझी नाही, खाला. ही तुझीच आहे. सात वर्षं मी उगाच माझ्या दावणीला बांधून ठेवली होती."

तात्पर्य: जकात म्हणजे गरिबावर केलेले उपकार नव्हेत, आपल्या घरात राहिलेला त्याचा वाटा आहे. तो दाबून ठेवायला जो पळवाट शोधतो, तो नियमात पास झाला तरी माणुसकीत नापासच.