नळीतलं लाल तेल

रस्त्यावर बैलगाड्यांचंच राज्य होतं, त्या काळची ही गोष्ट. भिवा गाडीवान आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवायचा. आजाऱ्याला धक्का बसला की कळावं म्हणून त्याच्या गाडीला लाल तेलाची एक वाकडी काचनळी बांधलेली होती. गाडीनं एकदम वेग घेतला की तेल मागं चढायचं, एकदम थांबली की पुढं. तेल हललं नाही तर भिवा बैलांना थोपटायचा, आणि नळी मिरवायची, "आज मी हललेच नाही!"

एकदा भिवाची लेक गोजरा बाळंतपणात अडली. तिचं डोकं मांडीवर घेऊन भिवा बैलांना विनवू लागला, "धक्का लागू देऊ नका रे, पण बिगीबिगी चला."

"पळू का?" पवळ्या बैलानं नळीला विचारलं.

"छे! मी हलेन ना!"

बैल पावलापावलानं चालले. तेल जराही हललं नाही. दवाखान्याच्या दारात गोजराही हलली नाही.

पवळ्याचे डोळे भरून आले. "सडक सपाट होती. पळालो असतो तर किती हलली असतीस?"

"वेग घेताना एकदा, थांबताना एकदा," नळी पुटपुटली. "मधे एकसारखं पळताना मी स्थिरच असते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला तेवढंसुद्धा नको होतं."