महाराजांचे बारा सिगार

वेतगडच्या सर्जेरावमहाराजांवर असं संकट कोसळलं होतं, की गनीम चालून आला असता तर बरं वाटलं असतं. त्यांच्याकडे बारा सिगार होते!

साधेसुधे नव्हेत. सातासमुद्रापलीकडचा एक कारखाना असे सिगार वर्षाला फक्त शंभर वळायचा. त्यातले बारा महाराजांनी मोठ्या खटपटीनं मिळवले. प्रत्येकाच्या कमरेला सोनेरी कागदाची कडी, पेटीत मखमलीचं अंथरूण आणि सोबत चवीचं वर्णन करणारी पुस्तिका. पण महिना झाला तरी एकही पेटला नव्हता. पेटवला तर अकराच उरणार! न पेटवावा तर चव कशी कळणार? आणि शेजारच्या राजांपुढे फुशारकी मारायची कशाच्या जोरावर?

दिवाण त्र्यंबकराव रोज पुस्तिका वाचून दाखवत. “सरकार, पहिल्या झुरक्याला देवदार! मग भाजलेला कोको! आणि शेवटी जुन्या खोगिराचं चामडं!”

“वाहवा!” दरबार म्हणे. कोको कुणी चाखला नव्हता, खोगीर कुणी चाटलं नव्हतं, तरी माना डोलायच्या.

एके दिवशी महाराजांनी एक सिगार हुक्का भरणाऱ्या सिद्रामच्या नाकाशी धरला. “काय रे, कसा आहे?”

सिद्राम पडला भोळा. म्हणाला, “झकास आहे सरकार! अगदी आपल्या काळ्या रानातल्या तंबाखूच्या पानासारखा वास येतोय.”

झालं! सातासमुद्रापलीकडच्या सिगारची ही बेअब्रू! सिद्राम थेट कोठडीत गेला आणि गावभर दवंडी पिटली गेली. “या सिगारच्या चवीची भर दरबारात परीक्षा करावी आणि सिगार तसूभरही कमी न होता परत द्यावा! करील त्याला इनाम आणि सिद्रामची सुटका! आठ दिवसांत कुणी पुढं आलं नाही, तर सिद्रामनं बायकोसकट मुलूख सोडावा!”

तीन दिवस कुणीच फिरकलं नाही. ओढायचा, पण संपवायचा नाही, असला हुकूम निघाल्यावर शहाणी माणसं अचानक आजारी पडतात. दरबारातही खोकल्याची साथच आली. पण चौथ्या दिवशी सिद्रामची बायको तुंगाक्का दरबारात येऊन उभी राहिली. तंबाखूचं पान वाळवण्यात, शिरा काढण्यात, वळण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

“मी करते परीक्षा,” ती म्हणाली.

दिवाण फिसकन हसले. “तू? विड्या वळणारी?”

“व्हय जी! तुमचं काम धूर सोडायचं, माझं काम वळायचं. दोघांतल्या एकाला तरी पान कळत असंलच की!”

“आणि सिगार कमी झाला तर?” महाराजांनी दरडावलं.

“तर मलाबी कोठडीत घाला. न्हाईतरी नवऱ्याबिगर घरात करमत न्हाई.” तिची मान ताठ होती. “फकस्त तीन दिवस सिगार माझ्या घरी ऱ्हाऊ द्या. संगत झाल्याबिगर सोभाव कसा कळायचा?”

महाराजांनी काळजावर दगड ठेवून एक सिगार दिला. दाराशी दोन शिपाई बसवले, जणू घरात राजकन्याच उतरली होती.

सातव्या दिवशी दरबार खचाखच भरला. तुंगाक्कानं ताट पुढं केलं. त्यात सोनेरी कडीचा सिगार.

“सरकार, माझी जीभ मिशेरीनं मेलेली. असल्या राजस चवीला खानदानी जीभ पायजे. दिवाणसाहेबांनी झुरका घ्यावा.”

“पण तो कमी होईल!” महाराज ओरडले.

“ते माझ्याकडं लागलं!”

सिगार पेटला. दिवाणांनी डोळे मिटले. “अहाहा! देवदार! साक्षात देवदाराचं वन!”

सेनापतींना लगेच कोको लागला. राजवैद्यांना तर खोगीरच काय, त्यावरचा घोडाही लागला!

महाराजांना धीर निघेना. “आणा इकडे!” त्यांनी एक झुरका घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. “याला म्हणतात चव! असा धूर आपल्या मुलखात सात जन्मांत निघायचा नाही!”

मग त्यांचं लक्ष हाताकडे गेलं. “अरे! हा तर अर्धा झाला! धरा हिला!”

शिपाई धावले. तुंगाक्का जागची हलली नाही. तिनं महाराजांपुढं हात पसरून उरलेला तुकडा मागून घेतला, त्याची सोनेरी कडी अलगद काढली आणि ओच्यातून एक अख्खा सिगार काढून त्याला घातली.

“हा घ्या तुमचा सिगार. पेटीतल्या भावंडांशेजारी ठेवून बघा. परीक्षा झाली आन् तसूभर कमीबी न्हाई!”

दिवाणांनी ठेवून पाहिला. तंतोतंत!

“मग आम्ही ओढला तो?” महाराजांचा आवाज खाली आला.

“तो मी वळला, सरकार. आपल्या काळ्या रानातलं पान.”

दिवाणांच्या नाकातून देवदाराचा शेवटचा धूर निघाला. “धडधडीत फसवणूक! कुठे वर्षाला शंभरच होणारा तो सिगार आणि कुठे हा गावठी!”

“शंभर?” तुंगाक्का म्हणाली. “दिवाणसाहेब, असा मी उभ्या जन्मात एकच वळलाय, आन् त्यातला अर्धा तुमी सगळ्यांनी ओढलाय! आता सांगा, दुर्मीळ कुठला?”

दरबारात माना कुठल्या बाजूला डोलवाव्यात, हेच कुणाला कळेना. महाराजांनी दिवाणांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तुंगाक्काकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटले. हसता हसता ठसका लागला.

“सोडा सिद्रामला! आणि बाई, आम्हाला असे आणखी बारा वळून दे!”

“जमायचं न्हाई सरकार. वर्षाला पाचच वळीन. जास्ती वळले तर तुमच्या दरबाराला चव लागायची न्हाई!”

महाराज पुन्हा हसले, ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर! त्यांनी स्वतःच्या हातातले सोन्याचे तोडे काढून तुंगाक्काच्या ओंजळीत ठेवले, आणि नवराबायकोला घरी पोचवायला खुद्द दिवाणसाहेबांचीच बग्गी जोडायला सांगितली.